उभ्याउभ्या मंजूर झालेला ठराव

अध्यक्षसाहेब, ज्येष्ठ वकील मंडळी, काळ्या कोटातल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आणि पहिल्या रांगेत कडेला टोपी मांडीवर ठेवून बसलेले किसनतात्या.

तात्या पालीहून आलेत. ॲडव्होकेट सुमन तांदळे यांचे ते थोरले भाऊ. मॅडमचं जवळचं म्हणावं असं या सभागृहात तेवढं एकच माणूस आहे. बाकी आपण सगळे लांबचे. आज जवळ येऊन बसलोय, इतकंच.

बोलायला उठलोय. बोलणं हा माझा धंदा. कोर्टात बोलतो, रविवारी पेपरात सदर लिहितो तिथंही बोलतो, आणि त्या बोलण्याबद्दल तुमच्यातल्या काहींनी मला नोटिसाही पाठवल्यात. त्या मी जपून ठेवल्यात, प्रेमाचा तेवढाच पुरावा आहे. पण आज सकाळपासून मनात जे येतंय त्यातलं निम्मं बोलण्यासारखं नाही, आणि उरलेलं निम्मं ऐकण्यासारखं नाही.

मघाशी अध्यक्षसाहेब माझ्या कानात म्हणाले, "पाच मिनिटं बोला. चांगलं चांगलं बोला. जुनं काढू नका."

साहेब, गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं म्हणजे सगळं जुनंच असतं. नवीन कुठून आणू?

बाहेर गेटवर फ्लेक्स लागलाय, तो सगळ्यांनी पाहिला असेल. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मॅडमचा फोटो कोपऱ्यात आहे, आधार कार्डावरून मोठा केलेला, म्हणून जरा धुरकट. शोकाकुलांचे फोटो मात्र स्टुडिओत काढलेले आहेत. हात जोडलेले, केस बसवलेले. सगळ्यात वर, सगळ्यात मोठे, नाना. नाना कोण हे मी सांगणार नाही. या गावात नाना म्हटलं की ओळख पुरी होते, त्याच्या पुढं विचारायची पद्धत नाही. सुमन तांदळेंचा सगळा गुन्हा हाच होता की त्यांनी पुढं विचारलं.

मंडळी, जी नवी पोरं आपल्या वकील संघात, बारमध्ये आलीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तांदळे मॅडम इथल्याच, बीडजवळच्या पालीच्या. वडिलांची धरणाखाली थोडी जमीन होती. वकिली शिकल्या, मग संभाजीनगरला एका बँकेत कायदा अधिकारी झाल्या. कर्ज कुणाला द्यायचं, कुणाला नाही, कागदामागं खरा माणूस आहे का नुसता अंगठा आहे, हे बघण्यात उमर घालवली. मग नोकरी सोडून इथं आल्या आणि वकिली सुरू केली. लोक म्हणाले, येडी हाय काय बाई, पेन्शनीच्या वयात बीडच्या कोर्टात कशाला येती? मीही विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "बँकेत आम्ही दार लावून बसायचो. चोर खिडकीतून यायचा. खिडकी कुठंय ते बघायला आलेय."

मी म्हटलं, "कुठंय?"

म्हणाल्या, "तुमच्या टेबलाशी बसलेय ना मी आत्ता. हीच ती."

असं बोलायच्या. गोड बोलून घाव घालायच्या. माझ्यासारख्याला हेवा वाटावा असं.

मग त्यांनी शुक्रवार सुरू केला. दर शुक्रवारी, कोर्ट सुटल्यावर, बारच्या लायब्ररीत फळ्याजवळ. फी नाही, सर्टिफिकेट नाही. कॅन्टीनवाल्या सत्तारभाईचा चहा, तोही मॅडमच्या पैशानं. विषय एकच: वकिलानं स्वतःला आणि आपल्या धंद्याला स्वच्छ कसं ठेवायचं. पक्षकार म्हणजे नक्की कोण? त्याचा पैसा कुठून आला? आपल्या सहीचा वापर कोण करतंय, आणि कशासाठी? नियम काय सांगतात, आपण काय करतो, आणि या दोन्हींच्या मध्ये आपला कोट कुठं अडकतो?

पहिल्या शुक्रवारी लई गर्दी. फुकटचा चहा होता. मॅडमनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: 'नानांनी पाठवलंय.'

सगळे हसले. कारण हे वाक्य आपण सगळे रोज ऐकतो. माणूस येतो, पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, खुर्ची ओढतो आणि म्हणतो, "वकीलसाहेब, नानांनी पाठवलंय." संपलं. आपण वकीलपत्र काढतो. ज्याच्या नावाचं वकीलपत्र तो माणूस दिसलेला नसतो. सही झालेली असते किंवा होऊन येते. रजिस्ट्री ऑफिसात साहेब विचारतात, "लिहून देणाऱ्याला ओळखता का?" आणि आपण मान हलवतो. ओळखतो! पाळण्यात असल्यापासून ओळखतो!

मॅडम म्हणाल्या, "मला एवढंच सांगा. नाना तुमचे पक्षकार आहेत का?"

पोरांनी चहाच्या कपात डोकी घातली.

"नाहीत ना? मग नाना सांगतात म्हणून तुम्ही काम कसं करता? पक्षकाराशिवाय दुसऱ्या कुणाच्या हुकमावर वकिलानं काम करायचं नाही, हे आपल्याच आचारसंहितेत आहे. पहिल्या वर्षी सगळ्यांनी वाचलेलं. दुसऱ्या वर्षी सगळे विसरलेले."

त्यावर आपल्यातल्या एका ज्येष्ठांनी, आज ते मागच्या दाराजवळ बसलेत, हात वर केला. म्हणाले, "मॅडम, पक्षकाराला एवढं विचारलं तर तो उठून शेजारच्या टेबलावर जाईल."

"जाऊ द्या. शेजारच्या टेबलालाही हेच विचारायला शिकवू."

"मग तो परळीला जाईल!"

सगळी लायब्ररी खदाखदा हसली. मॅडमही हसल्या. आणि पुढच्याच आठवड्यात खरंच परळीची एसटी धरून गेल्या. तिथल्या वकिलांसमोर तेच बोलून आल्या. परत आल्या तेव्हा काळ्या कोटाच्या खांद्यावर तिथल्या थर्मलच्या राखेचा थर होता. मी म्हटलं, "मॅडम, कोट झटका." म्हणाल्या, "राहू द्या. तिथं धूर दिसतो तरी. इथला दिसत नाही."

पुढं गर्दी कमी झाली. चहा तोच होता, पण प्रश्न अवघड व्हायला लागले. एका शुक्रवारी कुणीतरी तावातावानं म्हणालं, "सी.ए. लोकांना संशयाचे व्यवहार सरकारला कळवायचं ते रिपोर्टिंग-बिपोर्टिंग लागू झालंय, आपल्याला नाही. वकिलांना वगळलंय." मॅडम म्हणाल्या, "खरंय. वकील म्हणून वगळलंय. माणूस म्हणून नाही वगळलं. काळा पैसा पांढरा करायला जाणूनबुजून हात लावला, तर अंगात कोट होता का कोपरी, हे कायदा विचारत नाही."

खात्याबद्दल बोलायच्या. पक्षकाराचा पैसा वकिलाच्या खात्यात येतो, तो का येतो? स्वतःचं खातं नाही का त्याला? "तुमचं खातं म्हणजे धर्मशाळा करू नका," म्हणायच्या. "संध्याकाळी कोण मुक्कामाला आलं माहीत नाही, सकाळी कुठल्या रस्त्यानं गेलं माहीत नाही, आणि रजिस्टरवर सही मात्र तुमची."

आणि गुपिताबद्दल. हे नीट ऐका, कारण पुढं यावरच सगळं फिरलं. त्या म्हणायच्या, "पक्षकारानं केलेला गुन्हा तुम्हाला विश्वासानं सांगितला, तर ते गुपित. जीव गेला तरी सांगायचं नाही. पण पुढं करायचा गुन्हा तो तुमच्याच हातानं करून घेत असेल, तर ते गुपित नाही. ती भागीदारी आहे."

आता मांजरसुंब्याचं सांगतो. अध्यक्षसाहेब, घड्याळ बघू नका. मॅडमना तुम्ही जेवढा वेळ दिला नाही, त्यातलाच थोडा मी घेतोय.

एक दिवस मॅडमच्या टेबलावर नानांचा माणूस आला. हायवेलगतची जमीन घ्यायची होती, एका दत्ता नावाच्या इसमाच्या नावानं. पैसा वकिलाच्या खात्यातून फिरवायचा, खरेदीखत वकिलानं करायचं, ओळख वकिलानं द्यायची. फी तोंड गप्प बसेल एवढी. मॅडम म्हणाल्या, "दत्तारावांना घेऊन या."

"ते कशाला? मी हाय ना."

"जमीन तुमच्या नावावर होणारेय का?"

"न्हाई."

"मग तुम्ही नुसते रस्ता दाखवा."

त्यानं रस्ता दाखवला नाही. पण आधारच्या झेरॉक्सवर पत्ता होता. मॅडम त्या रविवारी मांजरसुंब्याला उतरल्या. तो पत्ता निघाला एका ढाब्याचा. आणि हायवेलगतच्या जमिनीचे होणारे मालक मागच्या बाजूला, हौदाजवळ उकिडवे बसून ताटं घासत होते. मॅडम त्यांच्यासमोर बसल्या. हा प्रसंग त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलाय.

"दत्ताराव, तुम्ही जमीन घेताय?"

"कोन? मी?" दत्तानं मागं वळून बघितलं, दुसरा कुणी दत्ता उभा हाय का म्हणून. "बाई, मला तर मालकानं फोटू काढायला नेलतं. म्हनला, योजना आलीय, घरकुल भेटतंय."

"सही केलीत?"

"चार ठिकानी केली. सही लई चांगली येती मला," असं म्हणून हसला म्हणे.

मॅडमनी त्याला नीट समजावून सांगितलं. कुठंही सही करू नका, आणि काही कागद आला तर लपवू नका, सरळ दाखवा. दुसऱ्या दिवशी नानांच्या माणसाला कागद परत केले. आगाऊ दिलेली फी चेकनं परत केली. कुणाकडं तक्रार केली नाही. कुणाचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, "हे काम माझ्याकडून होणार नाही."

तो उठला आणि शेजारच्या टेबलावर गेला.

शेजारच्या टेबलानं काय केलं? शेजारच्या टेबलानं चहा मागवला.

मंडळी, ती जमीन झाली. तिच्या शेजारची झाली. तिच्या पलीकडची झाली. पैसा या सभागृहातल्या काही खात्यांत आला, तिथं अंघोळ केली, टिळा लावला आणि पांढरे कपडे घालून बाहेर पडला. आधीच केलेल्या त्या चार सह्यांवर दत्ता मालक झाला. दत्तासारखे अजून काही मालक झाले, कुणी ट्रकवर क्लीनर होता, कुणी शेळ्या राखत होता. आणि या सगळ्यांना 'ओळखतो' म्हणून माना कुणी हलवल्या? मी नावं घेत नाही. गोपनीयता आहे.

मग एक दिवस दत्ताला इन्कम टॅक्सची नोटीस आली. मोठ्या लोकांचं गणित असं असतं की गरीब माणूस कागद बघून घाबरेल आणि मालकाकडं पळेल. दत्ता घाबरला नाही. त्याला आनंद झाला. त्याच्या नावानं सरकारकडून पहिल्यांदाच कागद आला होता. तो नोटीस घेऊन सरळ तलाठ्याकडं गेला आणि म्हणाला, "साहेब, ह्यात लिवलंय, माझी जमीन हाय म्हून. मला ती दाखवा तरी. पेरायचे दिवस हायत, नांगरून घेतो."

तलाठी हसला. हसत हसत सातबारा काढला. मग हसायचा थांबला.

असं ते सगळं बाहेर आलं. दत्ताच्या नांगरामुळं. दुसऱ्या कुणामुळंही नाही. पुढं चौकशी लागली, मोठी माणसं आली, आणि आपल्या बारमध्ये नोटिसा वाटल्या गेल्या. एका टेबलाला आली, दुसऱ्या टेबलाला आली. सुमन तांदळेंच्या टेबलाला आली नाही. कशी येणार? त्यांच्या सहीचा एकही कागद नव्हता. त्यांच्या खात्यात एक रुपया मुक्कामाला नव्हता.

आता या संघाची बुद्धी बघा. जिथं जिथं सही सापडली तिथं नोटीस गेली, म्हणून आपण असा निष्कर्ष काढायला हवा होता की सही करू नये. आपण काढला तो असा: सगळ्यांना नोटीस आली आणि हिलाच आली नाही, म्हणजे हिनंच चुगली केली! जी भिजली नाही तिनंच पाऊस पाडला! कायद्याच्या पदव्या असलेली माणसं आपण. खालच्या कोर्टात असा पुरावा दिला तर न्यायाधीश चष्मा काढून बघतील.

आणि मग तो ठराव.

पोरांनो, तुम्ही तेव्हा नव्हता. सभा जेवणाच्या सुट्टीत घेतली, याच सभागृहात. मॅडम नव्हत्या. त्या तेव्हा कुटुंब न्यायालयात एका बाईच्या पोटगीच्या केसला थांबल्या होत्या. कुणी त्यांना सभेचं सांगितलंच नव्हतं. अध्यक्षांनी ठराव वाचला: 'ॲडव्होकेट सुमन तांदळे यांनी वकील-पक्षकार गोपनीयतेचा भंग केला. संघ त्यांचा निषेध करतो. कोणत्याही सभासदाने त्यांच्यासोबत काम करू नये. शुक्रवारचे वर्ग बंद करण्यात यावेत.' वाचून संपलं आणि अध्यक्ष म्हणाले, "बाजूनं असतील त्यांनी उभं राहावं."

आणि नेमका त्याच क्षणी बाहेर पट्टेवाल्यानं पुकारा केला. सुट्टी संपली होती, जज्जसाहेब खुर्चीवर बसले होते.

सगळी बार उठली. खुर्च्या सरकल्या. कुणी गळ्यातला पांढरा बँड बांधतंय, कुणी फाईल शोधतंय, कुणी तोंडातलं भजं गिळतंय, आणि सगळे दाराकडं. पहिली रांग ठरवून उठली, हे मला मान्य आहे. मागची माणसं आपापल्या केससाठी उठली. सत्तारभाई किटली घेऊन भिंतीला चिकटून उभे होते. नंतर मला म्हणाले, "साब, सब उठे. पर ठराव के वास्ते नहीं, पुकारे के वास्ते उठे. मैंने देखा ना."

बसलेला मी एकटा. शौर्य म्हणून नाही, माझा पाय प्लास्टरमध्ये होता. मला उठवून न्यायला कुणीतरी येईल म्हणून मी वाट बघत बसलो होतो. माझा विरोध प्लास्टरचा होता, हे मी आधीच सांगून टाकतो.

सचिवांनी लिहिलं: 'सर्वानुमते मंजूर.'

मी म्हटलं, "सचिवसाहेब, मी तर बसलेलो होतो. सर्वानुमते कसं?"

"तुमचा पाय मोडलाय, साहेब. ते बसणं धरत नाहीत."

"बरं. मग जे पुकाऱ्यासाठी उठले त्यांचं उठणं कसं धरलं?"

तेव्हा सचिव जे म्हणाले ते या संघाच्या घटनेत पहिल्या पानावर छापायला हवं. म्हणाले, "उठणं म्हणजे उठणं. माणूस कशासाठी उठला, हे संघ विचारत नाही."

संध्याकाळी मॅडम कोर्टातून आल्या. पोटगी मिळाली होती, खुशीत होत्या. नोटीस बोर्डासमोर थांबल्या आणि ठराव वाचला. मला विचारलं, "बसून किती जण होते?"

"मी एकटा. प्लास्टरसकट."

"म्हणजे माझ्या बाजूनं एक हाड तरी मोडलं," म्हणाल्या आणि हसल्या. हसल्या खऱ्या, पण बोर्डाच्या काचेवर बोट टेकवून उभ्या राहिल्या.

मंडळी, ठरावानं काय होतं असं तुम्हाला वाटत असेल. कागदच तो. पण माणूस गावचा असतो. पक्षकार आले नाहीत. आले ते बोर्ड वाचून माघारी गेले. लायब्ररीला शुक्रवारी कुलूप लागलं. ज्यांना शिकवलं ती पोरं जिन्यात भेटली की मोबाइल कानाला लावायची. फोन आलेला नसायचा. काही वेळा तर मोबाइल उलटा असायचा.

पण खरं सांगायचं ते पुढंच आहे.

मी मॅडमच्याच गल्लीत राहतो. माझ्या ओट्यावरून त्यांचं दार दिसतं. त्या ठरावानंतर दिवेलागणीला त्या दाराशी चपला दिसायला लागल्या. बूट दिसायला लागले. कोर्टात रोज बघितलेले बूट. माणसाचा चेहरा विसरतो मी, बूट विसरत नाही. ज्यांना नोटिसा आल्या होत्या, ते त्यांच्याकडं जात होते. उत्तर कसं द्यायचं हे विचारायला. कुणाकडं जाणार दुसऱ्या? हे शास्त्र या गावात एकाच बाईला येत होतं, आणि तिच्यासोबत काम करायचं नाही असा ठराव झालेला होता. म्हणून अंधार पडायच्या बेताला, मागच्या बोळातून.

आणि मॅडम त्यांना आत घेत होत्या. चहा देत होत्या. फी घेत नव्हत्या.

मी एकदा चिडून गेलो. म्हटलं, "मॅडम, यांनी तुम्हाला वाळीत टाकलं, आणि तुम्ही यांचीच उत्तरं लिहून देता?"

म्हणाल्या, "शुक्रवार बंद पाडलात तुम्ही लोकांनी. मग मी आठवड्यातले बाकीचे दिवस घेतलेत."

"आणि काय लिहून देता?"

"मी लिहून देत नाही, त्यांच्याकडून लिहून घेते. 'मला माहीत नव्हतं' असं लिहायला लागले की पेन काढून घेते. 'मी माहीत करून घेतलं नाही' असं लिहा म्हणते. तिथपर्यंत यायला काहींना दोन-दोन कप चहा लागतो."

यातले काही जण त्या उत्तरांवर सुटले. खरं लिहिलं म्हणून सुटले. दंड भरला, कान धरला, वकिलीची सनद बचावली. ते आज इथं बसलेत. मघाशी फोटोला हार घालायला पुढं होते. बाबांनो, तो हार तुम्ही बोळातून आत नेला असता, तर तिला बघता आला असता.

मॅडमनी एक अर्ज दिला होता. ठराव मागं घ्या, मला एकदा ऐकून घ्या. अर्ज सचिवांकडं पडून राहिला. विषयपत्रिकेवर येईल, म्हणाले. वार्षिक सभा झाली, आला नाही. स्नेहभोजन झालं, तिथं तर येणारच नव्हता. मग मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. दवाखान्यात मी बसलो होतो. मी म्हटलं, "सोडा हो तो ठराव, कोण वाचतंय."

त्या म्हणाल्या, "तुम्ही वकील असून असं म्हणता? माणसं जातात. कागद राहतात. उद्या कुणी शुक्रवार पुन्हा सुरू करायला निघालं, तर हा कागद काढून त्याच्या तोंडावर मारतील. म्हणतील, बघ, तांदळेबाईचं काय झालं."

माझ्याशी हे त्यांचं शेवटचं धड बोलणं.

गेल्या सोमवारी पालीला अग्नी दिला. परतताना किसनतात्यांनी माझा हात धरला. तात्या, सांगू का? सांगतो. तात्या म्हणाले, "वकीलसाहेब, म्या काय शिकलेला न्हाई. पर गावात मानसं इचारत्यात, तुज्या बहिनीला वकिलांनी कावून वाळीत टाकलं? तिनं काय केलतं? मी काय सांगू त्यांना? ती तर काय बोलायची न्हाई. आता ती गेली. तिचं नाव साफ झालं का न्हाई?"

मी वकील आहे, सदर लिहितो, माझ्याकडं शब्द खूप आहेत. तरी तात्यांना एवढंच म्हटलं, सभेला या. कारण खरं उत्तर होतं, नाही. नाव साफ झालं नाही. जाताना बघा बाहेर. नोटीस बोर्डावर मॅडमच्या निधनाची सूचना लावलीय. ती लावलीय त्या ठरावावरच. टाचणीसुद्धा तीच वापरलीय. वरचा कागद आखूड आहे, म्हणून खालून एक ओळ दिसते: 'संघ त्यांचा निषेध करतो.' वर श्रद्धांजली, खाली निषेध. दोन्ही या संघाचे. दोन्ही सर्वानुमते.

अध्यक्षसाहेब, तुम्ही हात वर करताय. माझी वेळ संपली. संपवतो.

आता रिवाजाप्रमाणं आपण मौन पाळणार. मौन पाळण्यात हा संघ पटाईत आहे, त्याचा सराव आपण बरेच दिवस केलाय. पण मौनाला बसून चालत नाही. उभं राहावं लागतं. आणि उभं राहणं म्हणजे या संघात काय असतं, ते सचिवांनी मला शिकवलंय. उठणं म्हणजे उठणं. माणूस कशासाठी उठला, हे संघ विचारत नाही.

म्हणून मी, या संघाचा सभासद, आज, या सभेत, सगळ्यांसमोर ठराव मांडतो: ॲडव्होकेट सुमन तांदळे यांच्याविरुद्धचा निषेधाचा ठराव हा संघ मागे घेत आहे, आणि शुक्रवारचे वर्ग लायब्ररीचं कुलूप काढून पुन्हा सुरू करत आहे. बाजूनं असतील त्यांनी उभं राहावं. विरोधात असतील त्यांनी सुमन तांदळेंच्या श्रद्धांजलीला खुशाल बसून राहावं, त्यांच्या भावासमोर.

सचिवसाहेब, पेन उघडा. चुळबूळ नको, कुजबूज नको. साहेब, तुमची हरकत नंतर. आधी उभं राहायचं का बसायचं ते ठरवा. ज्याचा पाय खरंच मोडलाय, त्यानं हात वर केला तरी चालेल. मी ते धरीन.

सुमनताई, तुमच्या हयातीत मी कधी तुम्हाला ताई म्हटलं नाही. आज म्हणतो. तुमच्या फोटोला हार घालायला मी गेलो नाही, पुढं गर्दी होती. मी हे एवढंच आणलंय.

मौन सुटल्यावर कुणी चहाकडं धावू नका. किसनतात्या आधी नोटीस बोर्डापर्यंत जातील आणि खालचा कागद स्वतःच्या हातानं काढतील. त्यांना वाट द्या.

चला. उभे राहा.